'ॲक्सेसिबिलिटी'ला मराठीत काय म्हणावं?

तिरपीरेघ :
एका संस्थेच्या संकेतस्थळाचा मजकूर मराठीत आणते आहे. मूळ इंग्रजीत एक वाक्य आहे : आमचं संकेतस्थळ 'युजेबल' (वापरायला सोपं) आणि 'ॲक्सेसिबल' (कुणालाही न अडता वापरता येणारं) असावं असा आमचा प्रयत्न आहे. मराठीत हात दोन्हीकडे 'सुलभ'वरच जातो आणि वाक्य 'सुलभ आणि सुलभ' होऊन बसतं. मी दुसऱ्या जागी 'सुगम्य' लिहिलं. तपासणाऱ्या गृहस्थांनी ते खोडून 'अभिगम्य' केलं. का, तर प्रमाण शब्द तोच. माझ्या ओळखीत एकालाही तो न सांगता कळला नाही. हा शब्द प्रत्येक पानाच्या तळाशी दुवा म्हणून येणार आहे. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही किंवा माउस धरता येत नाही, तो अडला की तोच दुवा शोधणार. तुम्ही काय वापरता?

जुनाकोश :
'सुगम'. 'सुगम्य' नव्हे. २०१५ साली केंद्र सरकारचं, अपंगांसाठीचं सुगम्य भारत अभियान आलं आणि तो शब्द सरकारी हिंदीतून जसाच्या तसा इकडे उतरला. चुकीचा नाही, पण वरचा 'य' कशाला? 'सुगम' म्हणजेच जिथे सहज जाता येतं ते. त्याचा विरुद्धार्थी 'दुर्गम' आपण रोज वापरतो, 'दुर्गम भाग' म्हणतो, 'दुर्गम्य भाग' कुणी म्हणत नाही. एखादं पान दुर्गम आहे म्हटलं की अर्थ लगेच पोचतो. मग पुढचा शब्द आपोआपच 'सुगम'. 'अभिगम' संस्कृतात आहे, पण अर्थ जवळ जाणं, भेटणं, आणि पुढे स्त्रीपुरुषसंगही. मराठी वाचकाच्या कानात त्यातलं काहीच वाजत नाही.

रानवारा :
'सुगम' म्हटलं की मला सुगम संगीत आठवतं, म्हणजे हलकंफुलकं, सोपं. तुमची 'युजेबल'ची अडचण तिथेही येणारच. सगळं संस्कृतातूनच का आणायचं? आपल्याकडे 'पोच' आहे. 'सगळ्यांच्या पोचेतलं संकेतस्थळ' म्हणा.

जुनाकोश :
'पोच' म्हणजे पावती. 'पत्राची पोच दिली'. आणि 'त्याला पोच नाही' म्हणजे त्याला कुठे काय बोलावं ते कळत नाही. अपंग वापरकर्त्यांसाठीच्या पानावर हा शब्द घालू नका, वाचणाऱ्याला भलताच लागेल.

मोडीवाचक :
जर्मनमध्ये 'बारियरफ्राय' म्हणतात, अडथळ्यावाचून असलेलं. मला ती दिशा पटते. माणसाचं काय कमी आहे ते न सांगता वाटेत काय आडवं आलंय ते सांगायचं. अपंगांच्या हक्कांचा २००६ चा संयुक्त राष्ट्रांचा करार आणि त्याच विषयावरचा आपला २०१६ चा कायदा, दोन्हींत हाच विचार आहे : शरीरातली उणीव आणि बाहेरचे अडथळे यांची गाठ पडते तेव्हा माणूस अडतो. मराठीत 'अडसर' हा सुंदर शब्द आहे. दाराला आतून घालायचं आडवं लाकूड म्हणजे अडसर. आतल्या माणसाने काढल्याशिवाय तो निघत नाही, आणि संकेतस्थळाचंही अगदी तेच आहे. 'बिनअडसर' करू या. आड सरकवायचा तो अडसर, अशी माझी व्युत्पत्ती.

जुनाकोश :
व्युत्पत्तीला आधार द्या. 'आड' ठीक, पण 'सर' सरकण्यातला कशावरून?

कानसेन :
मी जन्मापासून अंध आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली लावून हा धागा ऐकतोय. शब्दाबद्दल माझं मत शेवटी सांगतो, आधी कानावर काय पडतं ते ऐका.

मराठी पान उघडलं की पहिला प्रश्न, आवाज कुठल्या भाषेचा लागणार. पानाच्या मुळाशी भाषेची एक खूण असते. ती मराठी असेल तर मराठी आवाज लागतो. बरेच जण ती इंग्रजीच ठेवतात, मग इंग्रजी आवाज देवनागरीशी झटापट करतो किंवा सरळ गप्प बसतो. काही जण हिंदी ठेवतात. तेव्हा 'चमचा'तले दोन्ही 'च' हिंदी 'चाय'सारखे येतात आणि 'ळ'चं काय होईल याचा भरवसा नाही. ही खूण बरोबर असणं ही वेबच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतली, डब्ल्यूसीएजीमधली, सगळ्यात खालच्या पायरीची अट आहे. एका ओळीचं काम.

दुसरं, जुने फॉन्ट. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, यायच्या आधीचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. डोळ्यांना 'अर्ज' दिसतो, मला मात्र इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी ऐकू येते. त्याहून वाईट म्हणजे स्कॅन केलेली पानं. तिथे अक्षरच नसतं, नुसतं चित्र. जाहीर सूचना, अर्ज, निकाल, बहुतेकदा असेच येतात.

तिसरं, दुवे. पानावरचे सगळे दुवे यादी करून ऐकायची मला सवय आहे, घाईत तोच मार्ग. यादी येते : अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा, इथे क्लिक करा, अधिक वाचा. कशाबद्दल अधिक, हे मागे जाऊन ओळ न् ओळ ऐकल्याशिवाय कळत नाही.

आता शब्द. 'अभिगम्यता' हा शब्द त्या यादीत आला तर मी पुढे जाईन, मला तो हाक मारत नाही. 'ॲक्सेसिबिलिटी' आला तर थांबेन, कारण आम्ही आपसांत तोच शब्द वापरतो. 'सुगम्यता'ला आता थांबतो, सवय झाली म्हणून.

रानवारा :
कानसेन, तुम्हाला उद्देशून लिहिताना 'पाहा', 'बघा' लिहावं का? एका संपादकाने मला 'अधिक माहितीसाठी पाहा' बदलून 'जाणून घ्या' करायला लावलं होतं.

कानसेन :
बेलाशक लिहा. मी सामना बघतो, बातम्या बघतो, मित्राला 'बघू उद्या' म्हणतो. ते मराठी आहे, माझंही आहे.

तिरपीरेघ :
याच कामात आणखी एक शब्द अडलाय. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला 'कॉन्ट्रास्ट'. नियमावलीत साध्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ सांगितलंय. मला 'विरोधाभास' सुचवला गेला.

मोडीवाचक :
'विरोधाभास' नको. तो अलंकार आहे. वरवर विरोध दिसतो पण खरा नसतो तो विरोधाभास. इथे तर विरोध खराखुरा हवाय. 'रंगभेद' हा शब्दही कुणी सुचवला तर लगेच थांबवा, त्याचा अर्थ वर्णद्वेषाशी बांधला गेलाय. चित्रकार 'उठाव' म्हणतात : रंगाला उठाव आला, अक्षरांना उठाव नाही.

जुनाकोश :
'उठाव' म्हणजे १८५७.

मोडीवाचक :
आणि 'मालाला उठाव नाही' म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला १८५७ आठवतं का? पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं लिहिली की म्हाताऱ्या डोळ्यांना ती उठून दिसत नाहीत. 'उठून दिसणं' रोजच्या बोलण्यात आहे. ज्या शब्दाने दोष सांगता येतो त्याच शब्दाने नियम का सांगू नये? 'अक्षरांचा उठाव किमान ४.५ : १ असावा.' मला यात काहीच खटकत नाही.

तिरपीरेघ :
हे मला आवडलं. हा शब्द घेते.

जुनाकोश :
घ्या, पण पहिल्या वापराशी 'रंगांतला फरक' असं लिहून ठेवा. आणि वर मी 'अपंग' लिहिलं त्यावर कुणी हरकत घेण्याआधी सांगतो, मुद्दाम लिहिलं. 'दिव्यांग' सरकारी कागदावर ठीक आहे. पण एक अवयव चालत नाही म्हणजे अंग दिव्य झालं, हे मला मान्य नाही.

रानवारा :
'अपंग'ही मला कळत नाही. 'पंगू' म्हणजे लंगडा. मग 'अ' लागल्यावर अर्थ उलटा व्हायला हवा, 'अपंग' म्हणजे धडधाकट. दोन्हींचा अर्थ एकाच बाजूचा कसा?

जुनाकोश :
तो 'अ' नकाराचा नाही. 'अप' आणि 'अंग'. 'पंगू'शी संबंध नाही.

मोडीवाचक :
आधार? माझ्याकडे तुम्ही मागितलात म्हणून विचारतो. 'अप' आणि 'अंग' यांचा संधी 'अपांग', आणि संस्कृतात अपांग म्हणजे डोळ्याचा कोपरा.

जुनाकोश :
तोही अर्थ आहे, अंगहीन हाही आहे. 'पां'चा 'पं' बोलताना झाला. कोश काढून लिहितो.

कानसेन :
कोश काढाल तेव्हा काढा. मी स्वतःला अंध म्हणतो, माझी मैत्रीण 'दृष्टिबाधित' म्हणवते, आणि तिला माझा शब्द बोचतो. आमचं यावर कधीच एकमत झालेलं नाही. ज्याचा त्याला विचारावा. तिरपीरेघ, एक मागणं आहे. तो दुवा जिथे नेईल तिथे नुसतं 'आम्ही कटिबद्ध आहोत' असं लिहू नका. माउसशिवाय, फक्त कळफलकावर कुठला अर्ज भरता येतो आणि कुठला येत नाही ते लिहा. तारखेची चौकट कळांनी उघडत नसेल तर तसं लिहा, आणि अडल्यावर कुणाला कळवायचं तेही.

रानवारा :
'कळफलक' लिहिलंत हे छान. पण मग 'माउस' का ठेवलात?

कानसेन :
कारण तो मी कधी हातात धरलेला नाही. कळफलकावर दिवस जातो माझा.

जुनाकोश :
'कळफलक' तरी कुठे बोलतात लोक? 'कीबोर्ड'च म्हणतात. 'कळपाट' असा एक शब्द मी पूर्वी सुचवला होता. 'पाट' म्हणजे सपाट फळी, शिवाय छोटा आहे.

मोडीवाचक :
'पाट' बसायचा असतो. आणि पाण्याचाही असतो. 'कळपाट'वर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.