अपडेटची मेल आलीय, खरी की खोटी? (डीटीपीवाल्यांनी जरूर सांगा)

खिळेजुळारी
नमस्कार मंडळी. आप्पा बळवंत चौकाजवळ माझं डीटीपीचं (कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं लावायचं) छोटं काम आहे, दोन मशीन. ज्या मराठी सॉफ्टवेअरवर गेली बारा वर्षं काम करतोय, त्या कंपनीच्या नावाने काल मेल आली. मी काही मागवलेलं नाही. 'प्रिय ग्राहक, तुमच्या आवृत्तीचा सपोर्ट सात दिवसांत संपतोय, खालच्या बटणावरून अपडेट उतरवून घ्या.' लोगो बरोबर, रंग बरोबर. गोची अशी की माझ्या डोंगलच्या (सॉफ्टवेअर चालायला मशीनला खोचावी लागते ती किल्ली) नंबरातले शेवटचे चार आकडे मेलमध्ये दिलेत आणि तेही बरोबर आहेत. पण पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला तर 'ॲट'नंतर कंपनीचं नाव, मग आडवी रेघ, मग 'अपडेट्स', मग डॉट कॉम. जुन्या बिलावर नुसतं नाव आणि डॉट इन आहे.

640 पानांचा एक ग्रंथ लागत आलाय, लेखक रोज फोन करतात. मशीन विंडोज 7 चं. खर्च फार तर पाचशे रुपये. खरं-खोटं ओळखायचं कसं, तेवढं सांगा.

वाड्यातला_वायफाय
फेक. डिलीट मारा.

मेधा_कर्वेनगर
+1, फेकच. 'प्रिय ग्राहक' लिहिलंय म्हणजे त्यांना तुमचं नाव माहीत नाही.

पानशेतचापूर
माझ्या बँकेची मेलही 'प्रिय ग्राहक'नेच सुरू होते. तो निकष बाद.

सफरचंदवाला
मी 2016 ला मॅक घेतला, तेव्हापासून असल्या भानगडीच नाहीत. एकदाच काय ते पैसे जातात.

खिळेजुळारी
पाचशे रुपयांत?

सफरचंदवाला
ईएमआय असतो ना.

मेधा_कर्वेनगर
बटणावर माउस न्या, दाबू नका. खाली डाव्या कोपऱ्यात लिंक दिसेल. तिच्यात एचटीटीपीएस असेल, साइटवर कुलपाचं चित्र असेल तर चालेल.

हिंजवडी_फेज_तीन
मेधाताई, माउसचं बरोबर, कुलपाचं नाही. कुलूप म्हणजे तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू येत नाही, एवढंच. पलीकडे चोर बसलाय की साव, ते कुलूप सांगत नाही. ते प्रमाणपत्र फुकट मिळतं, चोरालाही.

धागाकर्ते, पत्ता उजवीकडून वाचायचा. डॉट कॉम किंवा डॉट इनच्या लगेच डावीकडचा तुकडा म्हणजे घराचा मालक. त्याच्याही डावीकडे टिंब देऊन जे येतं ते त्या मालकाच्या घरातल्या खोल्या. 'अपडेट्स' टिंब 'कंपनी' टिंब 'इन' असतं तर खोली कंपनीच्याच घरातली. पण तुमच्याकडे टिंब नाही, आडवी रेघ आहे. म्हणजे 'कंपनी-अपडेट्स' हे अख्खं एकच नाव, वेगळ्या घराची पाटी. ती काहीशे रुपयांत कुणीही लावू शकतो. कंपनीनेही लावली असेल, पण नुसत्या पाटीवरून ते कळत नाही.

अजून एक. जीमेल कॉम्प्युटरवर उघडा, मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' आहे. तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा पाठवणाऱ्याच्या तपासणीच्या तीन ओळी दिसतील. 'फेल' असेल तर मेल फेकून द्या. 'पास' असेल तर लगेच खूश होऊ नका. मेल खरंच त्या पाटीच्या घरातून निघाली, इतकाच त्याचा अर्थ. चोराने स्वतःची पाटी लावून पाठवली तरी पासच येतं.

वाड्यातला_वायफाय
एवढं कशाला? फेक आहे.

खिळेजुळारी
तिन्ही पास आहेत. पण डोंगलचे चार आकडे त्यांना कसे कळले?

हिंजवडी_फेज_तीन
कंपनीच्या किंवा डीलरच्या कॉम्प्युटरवरून ग्राहकांची यादी कुणी उचलली की आकडे आलेच. आकडे बरोबर असणं हा पुरावा धरू नका. सात दिवसांची घाईही खटकते.

भाषाशुद्धी
'अपडेट' या शब्दाला मराठीत 'अद्यतन' हा उत्तम शब्द आहे. डीटीपी करणाऱ्यानेच असं लिहावं?

पानशेतचापूर
अद्यतन म्हटलं की मला व्याकरणातला भूतकाळ आठवतो. 'नवी आवृत्ती' म्हणा.

भाषाशुद्धी
आवृत्ती म्हणजे एडिशन. छापखान्याजवळ राहणाऱ्यांना तरी हा फरक कळावा.

निवृत्त_ऑडिटर
कृपया शब्दांचा वाद वेगळ्या धाग्यावर न्या. आमच्या मेव्हण्याच्या ऑफिसात हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नावाने अशीच मेल आली होती. आलेल्या झिपमध्ये एक फाइल, दिसायला पीडीएफ. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट मुळात दाखवतच नाही, त्यामुळे 'डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' मधलं शेवटचं ईएक्सई दिसलंच नाही. पोराने दोनदा टिचकी मारली. चहा येईपर्यंत सगळ्या फाइलींचे आयकॉन पांढरे, एकही उघडेना! बॅकअप होता हो. एक टीबीची डिस्क, त्याच मशीनला कायम खोचलेली. तीही गेली. मार्चचा तिसरा आठवडा होता, बाकी तुम्ही समजून घ्या. तेव्हापासून डिस्क लावायची, कॉपी करायची, काढून कपाटात. मी हे त्याला आधीच सांगितलं होतं.

मेधा_कर्वेनगर
बॅकअपची डिस्क काढून ठेवा. फार महत्त्वाचं.

निवृत्त_ऑडिटर
तेच लिहिलंय वर.

मोडेम_काळातला
हा प्रकार जुनाच. 2003 मध्ये 'स्वेन' नावाचा वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) मायक्रोसॉफ्टचा सिक्युरिटी पॅच म्हणून मेलला चिकटून यायचा. इतका नीटनेटका, की अस्सल मेल त्यापुढे गबाळी दिसायची. मी फसलो नाही, कारण डायल-अपवर ती अटॅचमेंट उतरेपर्यंत लाइन तुटायची.

उरणकर_सध्या_वारजे
तुम्ही सगळे खोट्या अपडेटचं बोलताय. 27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला तो खऱ्या अपडेटमधून. युक्रेनमध्ये कर भरायचं एक सॉफ्टवेअर आहे, चोर त्या कंपनीच्या सर्व्हरमध्येच शिरले होते. ग्राहकांनी रीतसर अपडेट घेतला आणि बसले. तिथून मर्स्क या जहाज कंपनीपर्यंत गेलं आणि न्हावाशेव्यातलं एक टर्मिनल ठप्प झालं. मी तेव्हा कंटेनरच्या धंद्यात होतो. गाड्या रस्त्यावर आणि ड्रायव्हरांचे फोन मला.

वाड्यातला_वायफाय
म्हणजे अपडेट करूच नये. मी कधीच करत नाही.

हिंजवडी_फेज_तीन
असा अर्थ काढू नका! विंडोज 7 चा आधार 14 जानेवारी 2020 ला संपला आणि विंडोज 10 चाही 14 ऑक्टोबर 2025 ला. जुनी भोकं उघडी ठेवून बसणं हाही धोकाच.

धागाकर्ते, थोडक्यात. मेलमधलं बटण विसरा. सॉफ्टवेअर उघडून त्याच्या 'हेल्प'मध्ये अपडेट दिसतोय का बघा. नसेल तर जुन्या बिलावरच्या नंबरावर फोन करा, मेलमधल्या नंबरावर नाही. फाइल उतरवलीच तर चालवण्याआधी तिच्यावर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, 'डिजिटल सिग्नेचर्स' असा टॅब आहे का आणि त्यात कुणाचं नाव आहे ते वाचा. व्हायरसटोटल या फाइली तपासणाऱ्या साइटवरही टाकून बघता येते. तिथे सगळं हिरवं आलं तरी निर्धास्त होऊ नका आणि लेखकाचं हस्तलिखित तिथे चढवू नका, तिथल्या फाइली बाहेरच्यांना मिळतात.

सफरचंदवाला
किंवा मॅक.

पानशेतचापूर
अँटिव्हायरस घ्या, क्विक हील आपल्या पुण्याचंच आहे. मी तीन वर्षांचं एकदम घेतलंय.

मेधा_कर्वेनगर
पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

खिळेजुळारी
सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहितो.

'हेल्प'मध्ये काही नव्हतं. बिलावरचा नंबर आता दुसऱ्याच कुणाच्या घरी लागतो. बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या दोन दिवसांत तुम्ही चौथे. शेवटी स्कूटर काढून डीलरकडे गेलो. मेल खरी आहे! कंपनीने मेल पाठवायचं काम बाहेरच्यांना दिलंय, त्यांनी वेगळी पाटी लावली. त्याच्याही टेबलावर याच मेलच्या प्रिंटांचा गठ्ठा होता.

पण अपडेट घेत नाहीये. एक तर नऊ हजार रुपये. दुसरं म्हणजे नवं सगळं युनिकोडमध्ये (अक्षरं साठवायची आताची सगळीकडची पद्धत) आहे, जुन्या फाइली बदलून घ्याव्या लागतात. मी एक प्रकरण पेन ड्राइव्हवर नेलं होतं, ते त्याने समोर बदलून दाखवलं. 'कऱ्हाड'मधला ऱ्ह फुटून रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसला. ओळी सरकल्या आणि पान 212 चा शेवट 213 वर गेला. शेवटी 38 पानांची सूची आहे, पानांच्या आकड्यांसकट लावलेली. ती पुन्हा करायची म्हणजे लेखक आणि मी दोघंही संपलो.

म्हणून त्या मशीनची नेटची वायर काढून कपाटात ठेवली. मेल दुसऱ्या मशीनवर बघेन. ग्रंथ जुन्यावरच पुरा होईल. बॅकअपची डिस्क आणली, तीही कपाटात. पाचशेच्या वर गेलो, पण ते ऑडिटरसाहेबांमुळे.

हिंजवडी_फेज_तीन
वायर काढून काय होणार? डीटीपीवाल्यांकडे सगळ्यात जास्त घाण गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून येते. ग्रंथ झाला की ते मशीन बदला.

खिळेजुळारी
गिऱ्हाइकांचे ड्राइव्ह दुसऱ्या मशीनलाच लावतो, आधी स्कॅन. बदलायचं बघू.

निवृत्त_ऑडिटर
डिस्क लावून ठेवू नका बरं का.

भाषाशुद्धी
गाव 'कराड' आहे, 'कऱ्हाड' नव्हे.

खिळेजुळारी
लेखकांनी 'कऱ्हाड' लिहिलंय. मी फक्त लावतो.

कोथरूडचा_अण्णा
वरचं सगळं वाचलं नाही. मेल फेक आहे, डिलीट करा.