मदत हवी आहे : मुलीला फार्मसीला जायचंय, कॉलेजात लागणारे विषयच नाहीत!

कोकमसार | रविवार, रात्री ११:५२

मुलीला फार्मसीला जायचंय. तिच्या कॉलेजात ए अँड पी (अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी) नाही, मायक्रो (मायक्रोबायोलॉजी) नाही, पब्लिक स्पीकिंगसुद्धा नाही. अ‍ॅडव्हायझर म्हणतो, आमच्याकडून फार्मसीला फारसं कुणी जात नाही. अरे मग तू कशाला बसलायस तिथे? जुलैत अर्ज उघडतात, आता मार्च अर्धा संपला. चार महिन्यांत एवढं सगळं कसं उरकायचं? कॉलेज बदलायचं का? कुणी यातून गेलं असेल तर लवकर सांगा. "शांत व्हा, सगळं नीट होईल" छापाचे प्रतिसाद नकोत, ते नवरा देतोय.

सातारी_कंदी | रविवार, रात्री ११:५९

ताई, काळजी नको. बी.फार्म.ला बारावीला बायोलॉजी नसलं तरी चालतं, पीसीएमवर प्रवेश मिळतो. पहिल्या सेमिस्टरला अशा मुलांना रेमेडियल बायोलॉजी असतं आणि पीसीबीवाल्यांना रेमेडियल मॅथ्स. भाच्याने तेच केलं. सीईटीचा फॉर्म भरलाय ना?

कोकमसार | सोमवार, रात्री १२:०३

भारत नाही हो. अमेरिका. फार्म-डी, म्हणजे इकडची फार्मासिस्टची पदवी.

भर_दुपारी | सोमवार, सकाळी ७:१०

मग ते आधी लिहायचं ना. आता हेही सांगा : कुठलं राज्य, कितवं वर्ष, मेजर (मुख्य विषय) काय, कुठल्या कुठल्या फार्मसी स्कूलांना अर्ज करणार? प्रत्येकाची यादी वेगळी असते. काहींना स्टॅट्स लागतं, काहींना कॅल्क्युलस, काहींना इकॉनॉमिक्ससुद्धा. "लागणारे विषय" असं मोघम लिहून उत्तर मिळणार नाही.

रिकामटेकडी | सोमवार, सकाळी ७:४०

बारावीनंतर थेट सहा वर्षांच्या कोर्सला का नाही घातलं? रटगर्सला आहे, सेंट जॉन्सला आहे. आमच्या शेजारच्यांची मुलगी तिथेच गेली, ही यातायातच नाही.

कोकमसार | सोमवार, सकाळी ८:१५

रिकामटेकडी, टाइम मशीन मिळालं की तेच करते.

भर_दुपारी, कॉलेज पेनसिल्व्हेनियात, छोटं लिबरल आर्ट्स. आम्ही न्यू जर्सीत. ती ज्युनिअर आहे, म्हणजे चारपैकी तिसरं वर्ष, मेजर बायोकेमिस्ट्री. ऑरगॅनिक दोन्ही झालं, फिजिक्स झालं, कॅल्क्युलस आणि स्टॅट्स झालं. ग्रेड चांगल्या आहेत. फिजिऑलॉजी नावाला आहे, पण ते "व्हर्टिब्रेट फिजिऑलॉजी", म्हणजे कणा असलेल्या सगळ्याच प्राण्यांचं. शाळा पाच-सहा बघतोय, अजून पक्क्या नाहीत.

गोळीवाला | सोमवार, दुपारी १२:३०

मी रिटेलमध्ये फार्मासिस्ट आहे, जेवणाच्या अर्ध्या तासात लिहितोय, चुका पोटात घाला.

ताई, तुमचा मूळ गैरसमज तारखेचा आहे. जुलैत फार्मकॅस (फार्मसी स्कूलांच्या अर्जांची सामाईक वेबसाइट) उघडतं म्हणजे जुलैपर्यंत सगळे विषय संपले पाहिजेत असं नाही. अर्जात झालेले विषय भरायचे, चालू असलेले भरायचे आणि पुढे घ्यायचे ठरलेलेही भरायचे, त्यासाठी तिथे सोय आहे. प्रवेश मिळाला तर वर्ग सुरू व्हायच्या आधी ते पूर्ण झाले पाहिजेत. ती आत्ता ज्युनिअर म्हणजे वर्ग सुरू होणार पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात. मध्ये हा समर, अख्खं सीनिअर वर्ष, आणि काही शाळांना चालत असेल तर पुढचाही समर. चार महिने नाहीत तुमच्याकडे, सतरा आहेत. कॉलेज बिलकूल बदलू नका.

मात्र "पूर्ण कधीपर्यंत" याची तारीख शाळागणिक वेगळी. काही म्हणतात स्प्रिंगअखेर सायन्स संपलंच पाहिजे, काहींना समर चालतो. ते शाळेच्या पानावर बघा, माझ्यावर विसंबू नका.

कोकमसार | सोमवार, दुपारी १२:४१

सतरा महिने! हे त्या अ‍ॅडव्हायझरला का सांगता आलं नाही?

उसळ_पाव | सोमवार, दुपारी २:०५

ऑनलाइन करा सरळ. युनिव्हर्सिटी ऑफ न्यू इंग्लंडचे हेल्थवाल्यांसाठीच काढलेले प्रीरेक (प्रवेशाआधी लागणारे विषय) आहेत, ए अँड पी, मायक्रो, सगळं. आपल्या गतीने करायचं, लॅबचं किट घरी येतं. माझ्या वहिनीने नोकरी सांभाळून केलं. एका रविवारी किचनच्या ओट्यावर मेंढीचं हृदय कापत बसली होती, बाजूला सूचनांचा लॅमिनेट केलेला कागद, आणि नेमक्या त्याच दिवशी तिच्या सासूबाई म्हणजे माझी आई भारतातून आलेली. आईने आठवडाभर त्या ओट्यावर कणीक मळली नाही. पण ए मिळाला.

भर_दुपारी | सोमवार, दुपारी २:२०

वहिनी फार्मसीला गेल्या का?

उसळ_पाव | सोमवार, दुपारी २:२६

नाही, नर्सिंगला. पण प्रीरेक तोच ना.

भर_दुपारी | सोमवार, दुपारी २:३३

तोच नाही. ऑनलाइन लॅब काही फार्मसी स्कूलांना चालते, काहींना अजिबात नाही. कोविडमध्ये बऱ्याच ठिकाणी सवलत होती, त्या आठवणीवर आज पैसे भरू नका. माझ्या मुलाने ऑनलाइन मायक्रो घेतलं, चारपैकी दोन शाळांनी लॅब नाकारली, पुन्हा बसून घ्यावं लागलं. पैसे गेले ते गेलेच, उन्हाळाही गेला.

उसळ_पाव | सोमवार, दुपारी २:४०

दोन शाळांनी घेतली ना? मग त्या दोघींना अर्ज करायचा. फार्मसीला अर्ज गेल्या दशकात किती घटलेत बघा. शाळा विद्यार्थी शोधत फिरतायत, इतकं घाबरून राहायची गरज नाही.

भर_दुपारी | सोमवार, दुपारी २:४८

अर्ज घटले म्हणून लॅबचा नियम सैल होतो असं कोण म्हणालं? आधी विषय, मग शाळा, हा उलटा हिशोब झाला.

ह्यूस्टनची_मीनल | सोमवार, संध्याकाळी ६:१५

मायक्रोबद्दल एक खास सूचना, हा खड्डा मी स्वतः पाहिलाय. कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) मायक्रो बऱ्याचदा दोन प्रकारचं असतं. आमच्या टेक्ससमध्ये निदान नंबरवरून कळतं : बायॉल २४२० हे नॉन-सायन्सवाल्यांचं, २४२१ सायन्स मेजरवाल्यांचं. दोन्हींच्या पाटीवर "मायक्रोबायोलॉजी"च. भाचीने वेळ सोयीची म्हणून २४२० घेतलं, ए काढला आणि मग तिच्या आवडत्या शाळेने सांगितलं, हे नको. तुमच्याकडे नंबर वेगळे असतील, पण कोर्सच्या वर्णनात "अलाइड हेल्थ" किंवा "नॉन-मेजर" दिसलं तर थांबा आणि शाळेला विचारा.

आणि सी मायनस बऱ्याच शाळांना चालत नाही, सी किंवा वर लागतो. पास-फेलवर तर घेऊच नका.

पावसाळी_ढग | सोमवार, रात्री ९:०२

माझा वेगळा प्रश्न आहे पण धागा फार्मसीचाच आहे म्हणून विचारतो. बायको बी.फार्म., पुणे, २००९. तिला इकडे लायसन्ससाठी काय करावं लागेल? तिनेही हे प्रीरेक करायचे का?

गोळीवाला | सोमवार, रात्री ९:४०

पावसाळी_ढग, वेगळा धागा काढा हो. थोडक्यात सांगतो : परदेशी फार्मासिस्टांचा मार्ग एनएबीपी या इथल्या फार्मसी बोर्डांच्या संघटनेच्या एफपीजीईसी प्रमाणपत्रातून जातो, त्याची परीक्षा एफपीजीईई. पण १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांना निदान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. चार वर्षांच्या बी.फार्म.ला तो दरवाजा बंद. म्हणून त्यांच्यासाठी फार्म-डीच, आणि मग हो, प्रीरेक आलेच.

पावसाळी_ढग | सोमवार, रात्री ९:४४

बापरे. तिला आज नाही सांगत.

नेवाळी | मंगळवार, सकाळी ६:५०

कोकमसार, आर्थिक बाजूकडे कुणी बघितलंच नाही. काऊंटी कॉलेजात (तुमच्याकडच्या कम्युनिटी कॉलेजात) समरला घ्यायचं असेल तर तुमच्याच काऊंटीचं घ्या, काऊंटीबाहेरच्यांना फी जास्त पडते. फॅफ्साची (सरकारी शैक्षणिक) मदत मिळत असेल तर लक्षात ठेवा, एका वेळी एकाच कॉलेजातून ती मिळते. दुसरीकडच्या विषयालाही हवी असेल तर दोन कॉलेजांमध्ये कन्सॉर्शियम अ‍ॅग्रीमेंट करून घ्यावं लागतं, फॉर्म मुलीच्या कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात असतो, दोन्हीकडच्या सह्या लागतात आणि या सह्यांना तीन आठवडे सहज जातात. आजच सुरुवात करा. आम्ही मे महिन्यात जागे झालो आणि पहिलं सत्र खिशातून भरलं.

कोकमसार | मंगळवार, सकाळी ८:०५

नेवाळी, एवढं बारकाईने लिहिलंत, आभार. पण तिला फॅफ्सा नाही. ती एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसावर) आहे.

भर_दुपारी | मंगळवार, सकाळी ८:०९

!!! ताई, हे आत्ता सांगताय?

कोकमसार | मंगळवार, सकाळी ८:२०

मला काय माहीत याचा संबंध असेल! बारा वर्षं इथे राहतोय, शाळा इथेच झाली. गेल्या ऑक्टोबरात २१ पूर्ण झाली, एच-फोर (आमच्यावर अवलंबून म्हणून मिळालेला व्हिसा) संपला. आमचं ग्रीन कार्ड कुठल्या रांगेत आहे ते विचारू नका.

गोळीवाला | मंगळवार, दुपारी १२:३५

संबंध आहे, पण घाबरण्यासारखा नाही. समर तिची सुट्टी. सुट्टीत दुसऱ्या कॉलेजात वर्ग घेता येतात, फक्त आधी तिच्या कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसातल्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला) विचारून ते मेलवर घ्या. सेमिस्टरमध्ये तिचे पूर्णवेळ क्रेडिट भरलेले असले पाहिजेत. त्या हिशोबात ऑनलाइनचा एकच कोर्स धरतात, फार तर तीन क्रेडिट. पूर्णवेळ भरून वर एखादा घेतला तर चालतं. काऊंटीची फी मात्र एफ-वनला रहिवासी दराने लागेलच असं नाही, बर्सरला (फीच्या ऑफिसाला) फोन करा.

आता खरं काम. हे तुम्ही नाही, मुलीने करायचं. सगळ्या शाळांना एकेक मेल. "माझ्या कॉलेजात ह्यूमन ए अँड पी नाही, व्हर्टिब्रेट फिजिऑलॉजी आहे, सिलॅबस जोडलाय. हे धराल का? नाही तर अमुक काऊंटी कॉलेजचा तमुक नंबरचा कोर्स धराल का?" कोर्स नंबरासकट विचारायचं. मोघम विचारलं की मोघम उत्तर येतं. होकार आला की ती मेल जपून ठेवायची. फोनवरचा होकार हा होकार नाही. मला फोनवर हो म्हणाले होते, सप्टेंबरात ते म्हणणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले होते.

आणि काऊंटीत एक जरी विषय घेतला तरी त्या कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट फार्मकॅसला वेगळं पाठवावं लागतं. आपल्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर क्रेडिट चढलं म्हणून भागत नाही. शाळेत असताना दिलेल्या एपी परीक्षांचंही (ज्यांवर कॉलेजचं क्रेडिट मिळतं) बघा, ते क्रेडिट कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर दिसलं पाहिजे.

रिकामटेकडी | मंगळवार, दुपारी १:१५

पीसीएटीची (फार्मसीच्या प्रवेश परीक्षेची) तयारी झाली का? ती महत्त्वाची असते. शेजारच्यांच्या मुलीने सहा महिने क्लास लावला होता.

भर_दुपारी | मंगळवार, दुपारी १:१८

पीसीएटी २०२४ मध्ये बंद झाली. आणि सहा वर्षांच्या कोर्सवालीला ती कशाला लागली असेल?

रिकामटेकडी | मंगळवार, दुपारी १:३०

असेल मग दुसरी कुठली परीक्षा. माहिती देणाऱ्यावर खेकसू नये.

नेवाळी | मंगळवार, दुपारी ३:००

पब्लिक स्पीकिंगचं अजून एक. छोट्या कॉलेजात तो "रेटरिक" नाहीतर थिएटर विभागात दडलेला असतो. आमच्याकडे "ओरल कम्युनिकेशन" नावाने सापडला. कॅटलॉग पूर्ण चाळा. आणि शेजारच्या कॉलेजांशी क्रॉस-रजिस्ट्रेशन आहे का बघा. मॅसॅच्युसेट्सच्या फाइव्ह कॉलेजांत, म्हणजे अ‍ॅमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक, हॅम्पशायर आणि यूमास, एका ठिकाणी नाव नोंदवून दुसरीकडे वर्ग घेता येतो. तसं काही असेल तर जादा फीसुद्धा नाही.

कोकमसार | तीन आठवड्यांनी, शुक्रवार

आले परत. उत्तरं न देता पळाले म्हणून वि.पू.त (विचारपुशीत) दोघांनी झापलंय, मान्य.

स्पीकिंग खरंच सापडलं, थिएटरमध्ये! फॉलला घेतेय. मेल पाठवल्या सहा, उत्तरं आली चार. एका शाळेने व्हर्टिब्रेट फिजिऑलॉजी धरलं पण अ‍ॅनाटॉमी लॅबसकट वेगळी मागितली. दुसरीने सिलॅबस न उघडताच नाही म्हटलं असावं, दहा मिनिटांत उत्तर. उरलेल्या दोघींना काऊंटीचे दोन्ही ए अँड पी चालतील. म्हणून समरला ते दोन्ही, पाठोपाठ. मायक्रो स्प्रिंगला, तिच्या कॉलेजजवळच्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी, समोर बसून, सायन्सवाल्यांचं. ह्यूस्टनची_मीनल, तुमच्यामुळे वर्णन वाचलं, पहिल्यांदा चुकीच्यालाच क्लिक केलं होतं.

फी बाहेरच्या राज्याच्या दराने पडली, त्यावर बोलायची इच्छा नाही. वर काऊंटीवाले म्हणाले, ए अँड पीच्या आधी आमचं जनरल बायोलॉजी घ्या. बायोकेमच्या ज्युनिअरला! ट्रान्सक्रिप्ट दाखवून ती अट काढून घेतली. तोवर नर्सिंगच्या मुलांनी जागा भरून टाकल्या होत्या. वेटलिस्टवर चौथी होती, काल नंबर लागला. मे अखेरीला सुरू, सकाळी साडेसातला.

उसळ_पाव | शुक्रवार

अभिनंदन! ऑनलाइन असतं तर साडेसातला उठावं लागलं नसतं, इतकंच म्हणतो.

गोळीवाला | शुक्रवार

हाडं आत्तापासून सुरू करा. पाच-सहा आठवड्यांच्या समर सत्रात पहिल्या दहा दिवसांत २०६ अंगावर येतात.

कोकमसार | शुक्रवार

केली. फ्लॅशकार्ड माझ्याकडे असतात, मी भाजी निवडताना विचारते. काल "पिसिफॉर्म" आलं. मी म्हटलं, हे पायातलं असणार. तिने माझ्या हातातली मेथीची जुडी बाजूला ठेवली, मनगट धरलं आणि करंगळीच्या बाजूला, तळव्याच्या खाली बोट टेकवलं. लागतंय तिथे, वाटाण्याएवढं.