मामाच्या ट्रंकेत ६३ सोल रेकॉर्ड्स निघाल्या, काय करू?

परळकरीण:

नमस्कार मंडळी. आमची परळची चाळ पुनर्विकासात गेली आहे, या महिनाअखेर खोली रिकामी करून द्यायची आहे. माळा उतरवताना मामाची पत्र्याची ट्रंक निघाली. मामा बोटीवर होता, इंजिन रूमला ऑइलमन. १९६४ पासून पंधराएक वर्षं त्याने दर्यावर काढली. लग्न केलं नाही. सुट्टीवर आला की आमच्याकडेच उतरायचा. २००३ मध्ये गेला.

ट्रंकेत वरती त्याची सीडीसी (खलाशाची सरकारी नोंदवही) आणि घरच्या पत्रांचा गठ्ठा होता. खाली जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या लहान रेकॉर्ड्स. मोजल्या, त्रेसष्ट भरल्या. लेबलांवर टॅमला, गॉर्डी, स्टॅक्स, ओके, ॲटलांटिक अशी नावं आहेत. बऱ्याच रेकॉर्ड्सना मधोमध रुपयापेक्षा मोठं भोक आहे. काही पाकिटांवर मामाच्या अक्षरात बंदराचं नाव आणि किंमत लिहिलेली आहे, "बाल्टिमोर, ३ नग १ डॉलर" अशी.

'सोल' (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं) हा शब्द मी लहानपणी त्याच्याच तोंडून ऐकला. प्लेअर आमच्याकडे नव्हता, गॅलरीच्या टोकाला राहणाऱ्या मास्तरांकडे होता. रविवारी दुपारी मामा दोन-तीन रेकॉर्ड्स काखेत धरून तिकडे जायचा. इंग्रजी त्याला कामापुरतंच येत होतं. म्हणायचा, "शब्द सोड गं. हा माणूस आपल्या भजनीबुवासारखा बेंबीच्या देठापासून गातो, ते ऐक."

एक छापील पुस्तिकाही आहे, ओटिस रेडिंग आणि इतर गायकांच्या कार्यक्रमाची. तिच्यात तिकिटाचा अर्धा तुकडा: फिन्सबरी पार्क अस्टोरिया, १७ मार्च.

अडचण अशी की निम्म्या रेकॉर्ड्सवर पांढरी बुरशी चढली आहे. जुन्या सामानाचा एक व्यापारी येऊन बघून गेला. सगळ्याचे मिळून चार हजार देतो म्हणाला, आणि "पुस्तिका रद्दीतच जाईल, ती अशीच द्या." भाऊ म्हणतो देऊन टाक, नव्या घरात जागा कुठे आहे. आई म्हणते डांबराच्या गोळ्या टाकून ट्रंक बंद कर. मला दोन्ही पटत नाही. कुणी जाणकार असेल तर सांगा.

तबकडीवाला:

ताई, आधी हात जोडून सांगतो, चार हजाराला हो म्हणू नका. आणि डांबराच्या गोळ्या तर मुळीच टाकू नका. टाकल्या असतील तर आत्ता उठून काढा. साडीला त्या चालतात, पण काही रेकॉर्ड्स स्टायरीन नावाच्या प्लास्टिकच्या असतात, त्या प्लास्टिकला गोळ्यांची वाफ बाधते.

मी १९८३ पासून अमेरिकन सोल जमवतो. पार्ल्याला राहतो. तेव्हा मटण स्ट्रीटला, फोर्टच्या फुटपाथवर अशा पंचेचाळीसच्या (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या लहान) रेकॉर्ड्स ढिगात मिळायच्या. त्यातल्या बऱ्याचशा तुमच्या मामांसारख्या बोटीवरच्या माणसांनीच आणलेल्या होत्या. विकणाऱ्याला लेबल माहीत नसायचं आणि मलाही सुरुवातीला नव्हतं.

आता स्टायरीनचं बघा, कारण तिथेच माणूस चुकतो. ओके हे लेबल कोलंबिया कंपनीचं. तिच्या त्या काळातल्या लहान रेकॉर्ड्स बहुतेक स्टायरीनच्या. ओळखायला रेकॉर्ड वाकवून बघू नका, तडा जाईल. नख अलगद वाजवा. व्हिनाइलचा (रेकॉर्ड्सचं दुसरं प्लास्टिक) आवाज बसका येतो, स्टायरीनचा कडक, टिचकी मारल्यासारखा. लेबलही बघा. व्हिनाइलमध्ये कागद रेकॉर्डबरोबरच दाबलेला असतो, स्टायरीनवर तो वरून डकवलेला असतो, कडेला नख लागतं. १९८८ साली एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी माझी एक ओके स्पिरिटने पुसली. शिकागोचा गायक, त्या रेकॉर्डसाठी मी सहा महिने पैसे साठवले होते. दुसऱ्या दिवशी लावली तर तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज. चकाकी गेलेली. ती रेकॉर्ड अजून माझ्याकडे आहे आणि तिच्याकडे बघितलं की अजून जीव कळवळतो.

म्हणून स्पिरिट, कोलीन, सॅनिटायझर काहीही नको. डिस्टिल्ड वॉटर आणा. वाटीभर पाण्यात बेबी शाम्पूचा एक थेंब, एकच. मऊ मायक्रोफायबर फडकं भिजवून पिळा आणि खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवं घासू नका. लेबलवर पाणी जाऊ देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा हात, आणि पंख्याखाली उभ्या ठेवून वाळवा. उन्हात नाही. बुरशी आधी कोरड्या ब्रशने झटकायची, ती गॅलरीत आणि तोंडाला मास्क लावून.

दुसरं. गाणी संपतात तिथून लेबलपर्यंत जी मोकळी पट्टी असते, तिथे हाताने कोरलेले किंवा ठशाने उमटवलेले आकडे-अक्षरं असतात. टेबललॅम्पखाली रेकॉर्ड तिरपी धरून वाचा. 'एआरपी' असा अक्षरं एकमेकांत गुंतवलेला ठसा दिसला तर ती मिशिगनमधल्या ओवोसो गावच्या कारखान्यात दाबलेली. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या कितीतरी लहान रेकॉर्ड्स तिथे निघायच्या. त्रिकोण आणि पुढे आकडा असेल तर लॉस एंजेलिसचा मोनार्क कारखाना, तो माल बहुतेक स्टायरीन. मूळ छपाई आणि नंतरची नक्कल यांत फरक करायला लेबलच्या रंगापेक्षा या पट्टीचा आधार जास्त. तरी रंगही टिपून ठेवा. स्टॅक्सचं निळं लेबल बहुधा १९६८ च्या आधीचं. त्या वर्षी स्टॅक्स ॲटलांटिकपासून वेगळी झाली आणि चुटकी वाजवणाऱ्या हाताचं चिन्ह आलं. वेगळं होताना आपल्याच जुन्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्कही तिने गमावला.

किमतीचं गणित उलटं आहे. तुम्ही ओळखता ती मोठी नावं स्वस्त, कारण त्या रेकॉर्ड्स लाखांनी दाबल्या गेल्या. महाग ती न चाललेली गाणी. इंग्लंडच्या उत्तर भागात, मँचेस्टर-विगनकडे, कारखान्यात राबणारी पोरं शनिवारी रात्रभर नाचायची. त्यांना मोटाउनच्या धाटणीची, पण अमेरिकेत पडलेली वेगवान गाणी हवी असायची. विगन कॅसिनो हा तिथला नाचाचा क्लब १९७३ ते १९८१ चालला. तिथले डीजे दुसऱ्याला नाव कळू नये म्हणून लेबलवर कागद चिकटवायचे. फ्रँक विल्सनची १९६५ ची एक रेकॉर्ड 'सोल' नावाच्याच लेबलवर आली होती. बाजारात जाण्याआधीच ती मागे घेतली, बोटांवर मोजण्याइतक्या प्रती उरल्या. त्यातली एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना गेली. तुमच्याकडे तशी निघेल असं मी म्हणत नाही. पण कधी न ऐकलेलं नाव दिसलं, किंवा पांढऱ्या लेबलवर 'विक्रीसाठी नाही' असं इंग्रजीत छापलेलं दिसलं, तर ती बाजूला काढा. त्या रेडिओ स्टेशनला वाटलेल्या प्रती असतात.

आणि पुस्तिका! ताई, १७ मार्च १९६७ ही स्टॅक्सच्या युरोप दौऱ्याची लंडनमधली सुरुवात. ओटिस रेडिंग, सॅम अँड डेव्ह, बुकर टी आणि त्याचा वाद्यवृंद, एडी फ्लॉइड. त्याच वर्षी १० डिसेंबरला ओटिसचं विमान मॅडिसनजवळच्या तळ्यात कोसळलं. सव्वीस वर्षांचा होता. त्याला समोर उभा राहून गाताना ऐकलेला परळचा माणूस आणि त्याचं तिकीट, याला तो व्यापारी रद्दी म्हणतो?

माझं कळकळीचं सांगणं एवढंच, यातलं काहीही सुटं करू नका. पाकिटांवरचं मामांचं अक्षर, सीडीसी, पत्रं, पुस्तिका एकत्र ठेवा. नवी प्लास्टिकची पाकिटं घ्यायची तर घ्या, पण जुनी कागदी पाकिटं फेकू नका. 'बाल्टिमोर, ३ नग १ डॉलर' लिहिलेलं पाकीट आतल्या रेकॉर्डपासून वेगळं झालं की कोण होता, कुठून आणली, सगळं पुसलं जातं.

खलाशाचा मुलगा:

तबकडीवाला काकांना दुजोरा. माझे वडीलही बोटीवर होते, आम्ही दापोलीकडचे. सीडीसीत प्रत्येक खेपेची बोट, चढल्याची आणि उतरल्याची तारीख असते. ती १७ मार्चशी जुळवून बघा. मधल्या बंदरांची नावं त्यात मिळणार नाहीत, ती पत्रांत सापडतील. खलाशी घरी लिहितो तेव्हा पहिल्या ओळीत बंदर आणि तारीख असतेच.

भावाला सांगा, त्रेसष्ट लहान रेकॉर्ड्स उभ्या लावल्या तर बुटाच्या खोक्यापेक्षा फार जास्त जागा लागत नाही. आडव्या रचू नका.

बी साईड:

वाजवून बघायची घाई झाली तरी ऑनलाइन मिळणारा सुटकेससारखा स्वस्त प्लेअर घेऊ नका. सुईचा दाब जास्त असतो, स्टायरीन तर खरवडून निघतं. मोठ्या भोकाला मध्ये बसवायची चकती लागेल, ती स्वस्तात मिळते.

थोडं विषय सोडून: १९७० नंतरच्या रेकॉर्ड्स असतील तर आशा पुथली हे नाव शोधा. मुंबईत जन्मलेली, इथे शास्त्रीय शिकलेली. जॅझ वादक ऑर्नेट कोलमनच्या १९७२ च्या अल्बममध्ये दोन गाणी गायली, मग सीबीएस कंपनीसाठी स्वतःचे सोल-फंक अल्बम केले. १९७६ चा तिचा अल्बम आज जगभरचे लोक शोधत असतात आणि तिच्याच शहरात तिचं नाव सांगावं लागतं.

परळकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. गोळ्या आईने टाकल्याच होत्या, काढल्या.

काल रात्री भाऊ आणि मी लॅम्प घेऊन बसलो. अकरा रेकॉर्ड्सवर एआरपीचा ठसा आहे. त्रिकोणवाल्या सात. आशा पुथली नाही सापडली. पांढऱ्या लेबलची एक आहे, नाव आम्ही कधी ऐकलेलं नाही, फोटो काकांना व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे. भाऊ आता स्वतःच वहीत यादी करतोय.

सीडीसी जुळली. मामा डिसेंबर ६६ ला मुंबईत चढला, ऑगस्ट ६७ ला उतरला. आणि पत्र मिळालं. 'लंडन, १९ मार्च.' आईला लिहिलंय, ती तेव्हा सोळा वर्षांची होती: "तुझी लोकर या खेपेला होणार नाही. शुक्रवारी एक गाणं ऐकायला गेलो, पैसे तिकिटाला गेले. रागावू नको. परत आलो की सांगतो कसं होतं ते." आईला लोकरीचं आठवतं, पुढच्या खेपेला त्याने निळी आणली होती.

पुढचं पान मात्र ओलीने याला चिकटलं आहे. विमान-टपालाचा पातळ कागद आहे, कडेने थोडा सुटतो. त्यात गाण्याबद्दल लिहिलेलं असावं, उलट बाजूने 'ओटि' एवढं दिसतंय. वाफेवर धरू का?

तबकडीवाला:

नको! वाफ नको, ओढूही नका. त्या काळची शाई पाण्याने पसरते. दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा, वर वजन नको, आणि काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे तिथे विचारा. कागदाचं काम जाणणारी माणसं आहेत. तुम्हाला चालणार असेल तर मी बरोबर येतो.

फोटो बघितला. त्या पट्टीचा जवळून एक फोटो काढा, दिवा डाव्या बाजूला ठेवून. शेवटचे दोन आकडे नीट दिसले पाहिजेत. तोवर ती रेकॉर्ड कुणाच्या हातात देऊ नका.