रात्रीच्या डाइव्हसाठी टॉर्च घ्यायचाय, कुठला घेऊ? बजेट दहा हजार

टिळकवाडीचा_मासा
नमस्कार मंडळी. गेल्या डिसेंबरात मुर्डेश्वरला जाऊन नेत्राणी बेटापाशी ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला. आता फेब्रुवारीत अंदमानला, स्वराज द्वीपला म्हणजे जुन्या हॅवलॉकला, अॅडव्हान्स्ड म्हणजे पुढचा कोर्स करायला चाललोय. त्यात एक नाइट डाइव्ह धरलीय. टॉर्च तिथं भाड्यानं मिळतो म्हणतात, पण पुढं मालवणलाही जाणं होईल, म्हणून स्वतःचाच घ्यावा असा विचार आहे.

चार दिवस झाले ऑनलाइन बघूलालोय, डोकं फिरलंय. एक म्हणतो 1000 लुमेन (उजेडाचं माप), दुसरा 5000 आणि तिसरा त्याच्या निम्म्या पैशात 20,000! तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या गणपतीचा मांडव उजळून निघेल की. कुणी वापरलाय काय? सांगा बघू.

निपाणीची_मालवणवारी
20,000 वाला आधी डोक्यातून काढा. आकडा डब्यावर छापायला पैसे पडत नाहीत.

आंबोली घाटातनं पावसाळ्यात गाडी काढलीय ना? धुक्यात अप्पर मारला की काय होतं? समोर पांढरी भिंत. गढूळ पाण्यात तेच होतं. पाण्यात तरंगणारी माती, शेवाळाचे कण सगळा उजेड तुमच्याच तोंडावर परत फेकतात. लुमेन वाढवले की भिंत आणखी पांढरी. म्हणून झोताचा कोन बघा. आठ-दहा अंशांचा अरुंद झोत कणांतून आरपार जातो, लांबचं दाखवतो आणि जोडीदाराला खूण करायलाही तोच बरा पडतो. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरू नका. हात लांब करून बाजूनं मारा, धूसरपणा बराच कमी होतो.

साधारण 1000 खऱ्या लुमेनचा, अरुंद झोताचा पुरतो. माझा ऑर्काटॉर्चचा आहे, तीन हंगाम झाले, तक्रार नाही. बिगब्लू, मारेस यांचेही बघा. आणि हो, रात्री एक टॉर्च घेऊन उतरायचं नसतं. दुसरा छोटा खिशात हवाच. दहा हजारांत दोन्ही बसवा. एकच भारीतला घेऊन मोकळे होऊ नका.

रंगीत_पाणी
ताईंशी अर्धा सहमत. मला व्हिडिओचा नाद आहे. गोप्रोसमोर अरुंद झोत धरला की मधे पांढरा डाग आणि कडेला अंधार. त्याला शंभर-सव्वाशे अंशांचा रुंद झोतच लागतो. पाणी लाल रंग पहिल्यांदा गिळतं. पाच-सहा मीटरखाली गेलात की लाल जवळजवळ संपलाच. दहाव्या मीटरच्या पुढं बोट कापलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं. भर दुपारी प्रवाळावर टॉर्च मारला की जो तांबडा उसळून येतो, तो बघितल्यावर पैसे वसूल. तुम्हाला व्हिडिओ करायचाय की नुसतं बघायचंय, ते आधी ठरवा.

टिळकवाडीचा_मासा
व्हिडिओ नको दादा, अजून तरंगायलाच धड येत नाही. नुसतं बघायचंय.

एक शंका. आमच्या घरी आयपीएक्स-8 लिहिलेला टॉर्च आहे. तो चालणार नाही काय?

उद्यमबाग_हायड्रॉलिक
मी डाइव्हिंग केलेलं नाही, करणारही नाही, आमच्या हिला घाम फुटतो. पण भाचा करतो आणि त्याचा बुडालेला टॉर्च माझ्या टेबलावर आला होता. सील हे माझं रोजचं काम आहे, म्हणून लिहितो.

आयपीएक्स-8 म्हणजे एक मीटरपेक्षा जास्त खोल पाण्यात टिकतो, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनीच ठरवणार. दीड मीटरवाल्यावरही तोच शिक्का असू शकतो. तुम्हाला मीटरमध्ये खोली लिहिलेला पाहिजे, 100 मीटर वगैरे. तुम्ही जाणार तीसपर्यंत. दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे तीसला हवेचा धरून चार.

आता गंमत ऐका. सगळ्यांना वाटतं की खोल गेलं की ओ-रिंग, म्हणजे झाकणाच्या खाचेतली रबरी कडी, हरते. उलटं असतंय वो. दाब वाढला की रिंग खाचेत जास्त दाबून बसते आणि सील घट्ट होतं. आमच्या हायड्रॉलिक सिलिंडरमध्येही तसंच. गळती बहुतेक वेळा सुरुवातीच्या दोन-चार मीटरांतच होते, दाब कमी असतो तेव्हा. कारण काय? रिंगवर एक केस, वाळूचा एक कण, नाहीतर टॉवेलचा धागा. भाच्याच्या टॉर्चमध्ये कुत्र्याचा केस निघाला. कंपनीला शिव्या देऊन झाल्या होत्या.

म्हणून एकाऐवजी दोन ओ-रिंग असलेला घ्या. सेल बदलताना झाकण खाली तोंड करून उघडा, रिंग बोटानं काढा, सुईनं नाही. कापसानं पुसू नका, धागे राहतात. ग्रीस इवलंसं, नुसती चमक येण्याइतकं. जास्त लावलं तर तेच वाळू धरून ठेवतं. आणि ग्रीस रिंगच्या रबराला चालणारं पाहिजे. नायट्राइल रबराच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस बरं, पण रिंगच सिलिकॉनची असेल तर तेच ग्रीस तिला फुगवतं. व्हॅसलीन ईपीडीएम रबराची वाट लावतं. टॉर्चबरोबर जी पुडी येते तीच वापरा आणि चार रिंगा जास्तीच्या मागवून ठेवा.

स्विच बघा. डोकं पिळून चालू करायच्या टॉर्चमध्ये तीच सीलची जागा दर वेळी हलते. चुंबकावर सरकणारा स्विच असला तर भोकच नाही, पाणी शिरणार कुठनं? फक्त सरकत्या कडेत वाळू अडकते, म्हणून गोड्या पाण्यात बुडवून चार वेळा मागंपुढं करा.

चुकून पाणी शिरलंच तर घाईनं उघडू नका. खारं पाणी आणि सेल मिळून आत गॅस होतो, झाकण उडतं. तोंड बाजूला करून, हळू.

निपाणीची_मालवणवारी
काका, एवढं तर आमच्या इन्स्ट्रक्टरनंही सांगितलं नव्हतं. पुढच्या मालवणच्या फेरीला कुंदा घेऊन भेटायला येते!

टिळकवाडीचा_मासा
लई आभार काका. मग मी 1000 लुमेनचा, चुंबकी स्विचचा, 21700 मापाच्या सेलवाला बघितलाय. जोडीला 18650 मापाच्या सेलवर चालणारा छोटा. सेल विमानात नेऊ देतात काय? बेळगावच्या सांबरा विमानतळावरून निघणार.

रंगीत_पाणी
सुटे सेल केबिन बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये नाही. टोकांना टेप लावा किंवा प्लास्टिकच्या डबीत घाला. मर्यादा 100 वॉट-तासांची. तुमचा 18650 म्हणजे 3.6 व्होल्ट गुणिले 3.4 अँपिअर-तास, जेमतेम बारा. टॉर्चमधला सेलही काढून ठेवा, नाहीतर बॅगेत स्विच दाबला जाऊन टॉर्च लागतो आणि पाणी नसल्यानं भट्टीसारखा तापतो. हे टॉर्च पाण्यानं थंड होतात, घरी सोफ्यावर बसून पाच मिनिटं लावू नका.

एक सावधगिरी. बाजारात 9900 एमएएच (मिलिअँपिअर-तास) लिहिलेले 18650 मिळतात. त्या मापात साडेतीन-चार हजारांच्या आसपास गाडी संपते. पुढचा आकडा थाप. आणि प्रोटेक्टेड, म्हणजे आत संरक्षक सर्किट असलेला सेल दोन-चार मिलिमीटर लांब असतो, सगळ्याच टॉर्चमध्ये बसत नाही.

खानापूर_विहीरवाला
टॉर्चचं जाऊ दे, खुणा पाठ केल्यास काय? टॉर्चचा झोत खाली गोल फिरवला की ठीक. जोरानं आडवा हलवला की लक्ष दे, गडबड आहे. आणि कुणाच्या डोळ्यांत मारू नकोस. अंधाराला सवय झालेली नजर बराच वेळ गेली समज.

टिळकवाडीचा_मासा
*तीन आठवड्यांनी*

दोन्ही आले. मिळून नऊ हजार चारशे. काकांचं वाचून नुसतं बादलीत बुडवून बघण्यावर विश्वास बसेना, म्हणून रविवारी खानापूरकडं मामांच्या विहिरीवर गेलो. सेल काढले, आत टिश्यू पेपर कोंबला, झाकण लावलं, दगड बांधून दोरीनं तीसेक फूट खाली सोडले. अर्ध्या तासानं वर ओढले. मोठा कोरडा. छोट्यातला कागद ओला!

उघडून बघतो तर रिंग खाचेत पिळून बसलेली. माझीच घाई. पुसली, सरळ केली, ग्रीसचा हात फिरवला, परत सोडला. कोरडा.

मामा काठावर बसून सगळं बघत होते. म्हणाले, "गळ कुठाय रे? मासा धरायला दगड सोडूलालास काय?"