"एक टाका, दुसऱ्या दिवशी घरी": मणक्यातल्या गादीच्या ऑपरेशनावर थोडं भांडण

मार्कंडेयकाठ: इथं परवा एकानं चिकटवलंय, "दुर्बिणीनं गादी काढा, एक टाका, दुसऱ्या दिवशी घरी. ओपन म्हणजे पाठ फाडतात, कंबर कायमची जाते." खाली बदामांचा सडा. आज ओपन म्हणतात ती मायक्रोडिस्केक्टॉमी, आणि तिच्यात मायक्रोस्कोप १९७७ पासून आहे. चीर तीनेक सेंटीमीटर. एका बाजूचा स्नायू हाडावरून सोडवायचा, लॅमिनाची, म्हणजे मणक्याच्या मागच्या हाडाच्या पट्टीची, कडा थोडी कोरायची, पिवळं लिगामेंट काढायचं, नस हलकेच मध्याकडे सरकवून निसटलेला तुकडा चिमट्यात धरायचा. अख्खी गादी कुणी काढत नाही. यात फाडणं कुठं आलं? आणि ट्यूब, म्हणजे नळीतून करायचं ऑपरेशन, त्यातही आत हेच काम होतं. फक्त स्नायू सोडवायच्या ऐवजी डायलेटरनं, म्हणजे एकावर एक जाड होत जाणाऱ्या नळ्यांनी, फाकवून १६-१८ मिमीची नळी बसवतात. नेदरलँड्समध्ये दोन्ही समोरासमोर तपासले, २००९ मध्ये छापून आलं: वर्षानंतर पाय आणि कंबर दोन्हींचं दुखणं ट्यूबवाल्यांतच किंचित जास्त.

चिकोडीचा ऊस: पावणं, ट्यूब आणि एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बीण, एकाच पिशवीत कोंबू नका. ट्रान्सफोरामिनलमध्ये, म्हणजे नस बाहेर पडते त्या बाजूच्या भोकातून दुर्बीण घालतात त्यात, पाठीच्या मधल्या रेषेपासून १०-१२ सेंमी बाजूनं सुई जाते, ७-८ मिमीची नळी, भूल तेवढ्या जागेपुरती. पेशंट जागा असतो. नसेला धक्का लागला की तोच कळवळतो आणि सर्जनचा हात थांबतो. ही सोय पूर्ण भुलीत नाही. हृदय अधू असलेल्या म्हाताऱ्याला याचं मोल विचारा. आणि अभ्यासच हवा तर २०२२ चा घ्या, तोही नेदरलँड्सचाच, ६१३ पेशंट: पायाच्या दुखण्यात एंडोस्कोपी ओपनच्या मागं पडली नाही.

पाठकणा: "मागं पडली नाही" याचा अर्थ "पुढं गेली" असा होत नाही. एल५-एस१ ला, म्हणजे कमरेच्या सगळ्यात खालच्या गादीला, कमरेचं हाड आडवं येतं, बाजूची वाट पुष्कळदा मिळतच नाही, मग मागून दोन लॅमिनांच्या फटीतून जावं लागतं. तुकडा लांब वर किंवा खाली सरकलेला, चुन्यासारखा कडक झालेला, की नवख्याच्या हातून थोडा आत राहतो. नस मोकळी झाली का हे प्रोबनं, म्हणजे बोथट सळईनं, चाचपायचं असतं. ती सलाईनच्या धारेत सैल हलली पाहिजे. घाईत हेच सुटतं. पेशंट घरी जातो, पाय तसाच ठणकतो आणि फाईलवर लिहितात "पुन्हा सरकली". खरी पुन्हा सरकणारी पाच-दहा टक्के असतात, दोन्ही पद्धतींत.

खानापूरकर: तुमचं मिलिमीटर चालू द्या. पैसे कोण भरणार ते सांगा. रेशनकार्ड कर्नाटकाचं, म्हणून योजना तिथल्या सरकारची, आरोग्य कर्नाटक. त्याला आधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी. बीपीएल नसाल तर पॅकेजच्या ३० टक्केच मिळतात. पलीकडं कोल्हापूर-मिरजेला गेलात तर ती चालते का, ते आधी विचारा.

टिळकवाडीकर: झालं! आता गादीतही सीमाप्रश्न.

खानापूरकर: मग कुठं आणू? २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली महात्मा फुले आरोग्य योजना जाहीर केली, कर्नाटकानं हरकत घेतली. भांडण दोन सरकारांचं, कंबर आमची. तुम्हाला खिशातून भरायला जमतं म्हणून चेष्टा सुचते.

टिळकवाडीकर: खिशावर येऊ नका ओ. चिठ्ठी मागतात ते बरंच आहे. नाहीतर एमआरआयवर फुगवटा दिसला की टेबलावर. दुखणं नसलेल्यांच्या एमआरआयतही गाद्या फुगलेल्या दिसतात.

खानापूरकर: आणि चिठ्ठीच्या रांगेत पाय लुळा पडला तर?

पाठकणा: हे मात्र दोघंही नीट वाचा. लघवी तुंबली, बसायची जागा बधिर झाली, तर चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. तो इमर्जन्सीचा पेशंट, योजनेतसुद्धा रेफरलविना घेतात. तिथं तास मोजायचे असतात. पाऊल किंवा अंगठा वर उचलेना झाला तरी त्याच दिवशी सर्जनला दाखवा. बाकी बहुतेकांची नस सहा ते बारा आठवड्यांत गोळी-व्यायामावर निवळते, चिठ्ठी तोवर येते.

खानापूरकर: येते म्हणे! तालुक्याच्या खिडकीवर एकदा उभं राहून बघा. पण लघवीचं पटलं. ते गावच्या ग्रुपवर टाकतो.

चिकोडीचा ऊस: बरं, माझंही अर्धं मागं घेतो, उगीच हिणवू नका. कडक झालेला तुकडा असेल तर मीही ओपनच म्हणेन. पण ओपनवालेसुद्धा चुकीची पातळी उघडतात, ते कोण बोलणार? मणका मोजायचाच चुकतो, त्यातून पाचच्या जागी सहावा कमरेचा मणका असला तर विचारूच नका. कापायच्या आधी सुई ठेवून सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशनच्या टेबलाजवळच्या एक्स-रे मशीनवर, पातळी बघितली का, एवढं तरी नातेवाइकांनी विचारावं.

मार्कंडेयकाठ: यावर भांडण नाही. उजवी की डावी तेही संमतीपत्रावर आहे का बघा, सही त्यानंतर.

टिळकवाडीकर: आणि पहिल्याच वेळी "गादीबरोबर स्क्रू-रॉडही घालू" म्हणाले तर?

पाठकणा: मणका पुढं सरकलेला आहे का, वाकवून काढलेल्या एक्स-रेत हलतोय का? दोन्हीला "नाही" असेल तर नुसत्या गादीला स्क्रू कशाला? फाईल उचला, दुसऱ्याला दाखवा.

खानापूरकर: दुसऱ्याला दाखवायला परत नवी चिठ्ठी लागेल का ओ?