पोटनिवडणुकीत तोंडी मत की चिठ्ठी? अमेरिकेची पहिली दहा-बारा वर्षं

शाईदौत (धागाकर्ता)

१ जून १७९० रोजी व्हर्जिनियाचे थिओडोरिक ब्लँड वारले. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातला (संसदेच्या कनिष्ठ सभागृहातला) पदावर असताना गेलेला हा पहिला सदस्य. अशी रिकामी जागा भरण्याबद्दल राज्यघटना एवढंच सांगते की राज्याच्या कार्यकारी प्रमुखाने निवडणुकीचा हुकूम काढावा. किती दिवसांत, याचा उल्लेखच नाही. मत कसं द्यायचं आणि मोजायचं कुणी, हे विधिमंडळांवर सोडलेलं. म्हणून व्हर्जिनियात तोंडी मत, तर जॉर्जिया-मॅसॅच्युसेट्समध्ये चिठ्ठी.

माझं ठाम मत: त्या काळात, तेही घाईने घ्यायच्या पोटनिवडणुकीत, तोंडी मतच बरं होतं. पद्धत बघा. मतदान काउंटीच्या, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्याच्या, कोर्टात. मेजामागे शेरीफ (काउंटीचा मुख्य अंमलदार), शेजारी कारकून, त्याच्यापुढे उमेदवारांच्या नावांचे उभे रकाने आखलेला कागद. मतदार पुढे आला की शेरीफ विचारणार, मत कुणाला? तो मोठ्याने नाव सांगणार आणि कारकून त्या रकान्यात मतदाराचं नाव लिहिणार. कुणी हरकत घेतली तर तिथल्या तिथे शपथ: स्वतःची किमान २५ एकर लागवडीची जमीन आणि तीवर घर, किंवा ५० एकर मोकळी जमीन, किंवा गावातली जागा आणि तिच्यावर निदान १२ फूट लांब, १२ फूट रुंद घर. म्हणजे मतदाराबद्दलचा संशय मत पडायच्या आधीच निकालात निघतो. एकदा चिठ्ठी पेटीत पडली की अपात्र माणसाची चिठ्ठी वेगळी काढणार कशी? ब्लँड यांच्या जागी विल्यम ब्रँच जाइल्स निवडून आले आणि ७ डिसेंबरला सभागृहात बसलेही.

चौथा रकाना

सहमत नाही. शपथेने जमिनीचा वाद मिटतो, दहशत मिटत नाही. त्याच व्हर्जिनियातली १७९३ची निवडणूक घ्या. फ्रान्सिस प्रेस्टन जेमतेम दहा मतांनी जिंकले आणि हरलेल्या एब्रम ट्रिग यांनी सभागृहाकडे तक्रार केली. प्रेस्टन यांचा भाऊ सैन्यात कॅप्टन. त्याची साठ-सत्तर माणसांची तुकडी मतदानाच्या दिवशी माँटगोमेरी काउंटीच्या कोर्टाभोवती फिरत होती आणि एका सैनिकाने तिथे हजर असलेल्या मॅजिस्ट्रेटला खाली पाडलं. आता डोळ्यांसमोर आणा: बाहेर तुकडी, आत मेज, आणि तुम्ही ट्रिग यांचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं उच्चारायचं. दहा मतं फिरायला आणखी काय लागतं? समितीने प्रेस्टन यांच्याविरुद्ध अहवाल दिला, तरी १७९४मध्ये सभागृहाने तो फेटाळून त्यांनाच कायम ठेवलं.

दुसरं, उमेदवार स्वतः मेजापाशी हजर असत, मत देणाऱ्याचे आभार मानत. ज्याचं देणं लागता किंवा ज्याच्याशी उद्या सौदा करायचा आहे, तोच समोर उभा. चिठ्ठीने निदान तेवढी आड मिळते.

शाईदौत

ट्रिग प्रकरण लाजिरवाणं आहे, मान्य. पण ती शांतता राखण्यातली कसूर. चिठ्ठीने काय झालं तेही पाहू. जॉर्जियाच्या १७७७च्या राज्यघटनेतच चिठ्ठीने मतदान होतं. १७९१मध्ये पहिल्या मतदारसंघात स्वातंत्र्ययुद्धातले सेनानी अँथनी वेन यांनी जेम्स जॅक्सन यांना हरवलं. जॅक्सन पुरावे गोळा करत राहिले. कॅम्डेन काउंटीत खऱ्या निकालपत्राऐवजी खोटं निकालपत्र गेल्याचं उघड झालं. त्यात न्यायाधीश हेन्री ऑस्बर्न यांचा हात होता आणि जॉर्जियात त्यांच्यावर महाभियोग चालून त्यांना दोषी ठरवलं गेलं. मार्च १७९२मध्ये सभागृहाने वेन यांची निवड रद्द केली. म्हणून जी पोटनिवडणूक झाली तीत जॉन मिलेज निवडून आले. माणसागणिक नाव लिहिलेली यादी असती तर हा घोटाळा एका दुपारीत पकडता आला असता. यादीतल्या प्रत्येकाला बोलावून विचारा, तू आला होतास का?

उंबरठा

धागाकर्त्यांची इथे गल्लत होते आहे. तुमच्याच सांगण्याप्रमाणे कॅम्डेनमध्ये खोटं होतं ते निकालपत्र. कागद काउंटीतून निघून राजधानीत पोचेपर्यंतचा रस्ता हीच खरी कच्ची जागा, आणि तो रस्ता व्हर्जिनियातही होताच. मतदान घेणारा फिरला तर तो नावांची यादीही नव्याने लिहील. तुम्हाला हवी आहे ती मतदान संपताच सर्वांसमोर मोजणी आणि गावातच राहणारी दुसरी प्रत.

मॅसॅच्युसेट्समध्ये हे चिठ्ठीसकट होतं. गावसभेत निवडून दिलेले कारभारी लेखी चिठ्ठ्या घेत, सभेसमोरच वर्गवारी करून मोजत. गावचा चिटणीस नावं आणि मतांचे आकडे वहीत उतरवी, आणि प्रत मोहोरबंद करून राज्याच्या सचिवाकडे जाई. वाटेत पाकीट बदललं तरी गावच्या वहीत आकडा शाबूत. कुणी कुणाला मत दिलं हे कळण्याची गरजच पडत नाही.

चौथा रकाना

+१. शाईदौत, तुम्ही यादीतल्या माणसाला बोलावून विचारा म्हणता. पण 'आला होतास का' एवढंच विचारायचं असेल तर हजेरीची यादी पुरते. 'कुणाला दिलंस' हा रकाना त्यासाठी कशाला हवा?

शाईदौत

हजेरीच्या यादीने मतं जास्त पडली एवढं कळेल, कुणाच्या खात्यात जास्त पडली ते कळणार नाही. मग पूर्ण मतदानच रद्द करावं लागतं. वेन यांची निवड रद्द झाल्यावर जॅक्सन यांना बसवायचं का, यावर सभागृहात २९ विरुद्ध २९ अशी बरोबरी झाली आणि सभापती जोनाथन ट्रंबुल यांनी विरोधात मत दिलं. मिलेज २२ नोव्हेंबरला रुजू झाले. आठ महिने त्या मतदारसंघाला प्रतिनिधी नव्हता, ही किंमत मला फार मोठी वाटते.

उंबरठा, गावात राहणाऱ्या प्रतीचा मुद्दा मात्र मला पटला. तो माझ्या लक्षात यायला हवा होता.

ओलांडा

रिकाम्या जागेची एवढी काळजी असेल तर मॅसॅच्युसेट्सचा दुसरा नियम बघा. तिथे निव्वळ सर्वाधिक मतं पुरत नसत, निम्म्याहून जास्त लागत. नाही मिळाली तर पुन्हा हुकूम, पुन्हा गावोगाव सभा, पुन्हा पाकिटं. १७८९मध्ये थिओडोर सेजविक पाचव्या फेरीत निवडून आले, आणि तीही नियमित निवडणूक. पोटनिवडणुकीत तर मुदत आधीच उतरणीला लागलेली असते. तिथलेच प्रतिनिधी ड्वाइट फॉस्टर यांनी ६ जून १८०० रोजी राजीनामा दिला. लिव्हाय लिंकन त्यांच्या जागी निवडून आले १५ डिसेंबरला, सभागृहात बसले ६ फेब्रुवारी १८०१ला, आणि त्या सभागृहाची मुदत संपली ३ मार्चला. उरले जेमतेम चार आठवडे.

तोंडी मत असतं तरी हा बहुमताचा नियम तेवढाच वेळ खाऊ शकला असता. चिठ्ठीला दोष देण्याआधी हा नियम बाजूला काढून बघा.

चौथा रकाना

शेवटचं, केंटकीबद्दल. तिथे १७९२च्या राज्यघटनेत चिठ्ठी होती आणि १७९९च्या राज्यघटनेने तोंडी मत आणलं. म्हणजे शाईदौत यांच्यासारखा विचार करणारे तेव्हाही होते, आणि दोन्ही पद्धती पाहून त्यांनी तो केला होता. तरीही १८७१मध्ये केंद्रीय कायद्याने प्रतिनिधिगृहासाठी लेखी किंवा छापील चिठ्ठीच सक्तीची केली. केंटकीला तेव्हा याच एका निवडणुकीपुरत्या चिठ्ठ्या घ्याव्या लागल्या, राज्यातल्या पदांसाठी मात्र मतदार पुढची वीस वर्षं नाव उच्चारूनच मत देत राहिले.