रान 'माजतं' की 'चढतं'?

टाकदौत: एका चित्रसूचीचा मजकूर मराठीत आणतेय. फ्रेंच चित्रकार आर्माँ गियोमँचं चित्र, फ्रान्समधल्या क्रोझाँच्या किल्ल्याचे अवशेष. मूळ मजकुरात 'रिक्लेम्ड बाय नेचर' आहे. 'निसर्गाने परत मिळवलेला' लिहिलं, तर कोर्टातून ताबा मिळाल्यासारखं वाटतंय.

कोशकिडा: भग्नावशेष. संपलं.

टाकदौत: त्यात झाडं कुठायत?

रानवाट: आमच्या घरात सरळ 'रान माजलंय' म्हणतात.

सुतावरून: पण माजणं ही तक्रार झाली. तण माजतं, माणूस माजतो. चित्रकाराची तक्रार नाही, तो खूश आहे. क्रूझ आणि सेदेल नद्यांच्या संगमावरचे ते पडके बुरूज त्याने पुन्हा पुन्हा रंगवले. 'रान चढलेला किल्ला' कसं वाटतं?

रानवाट: रान चढत नाही हो, वेल चढतो. आणि 'उजाड' तर मुळीच नको, एवढं हिरवं असताना! फार तर 'ओसाड', म्हणजे नुसती वस्ती नाही.

अर्धविराम: खिंडार म्हणा की. सुटसुटीत.

कोशकिडा: खिंडार म्हणजे भिंतीला पडलेलं भगदाड. तुमच्या कानात हिंदी 'खंडहर' वाजतोय.

अर्धविराम: आमची आजी अख्ख्या पडक्या घराला खिंडारच म्हणायची, आणि तिला हिंदी येत नव्हतं.

कोशकिडा: आजी म्हणजे कोश नव्हे.

रानवाट: मग कोशात शब्द कुठून येतात?

सुतावरून: थोडं विषयांतर. गियोमँ पोटासाठी नोकरी करायचा. 1891 मध्ये लॉटरीत एक लाख फ्रँक लागले, नोकरी सोडली, मग हवं तितकं रंगवत बसला.

टाकदौत: बरं, त्याला 'इंप्रेशनिस्ट' लिहू ना?

कोशकिडा: दृक्प्रत्ययवादी. विश्वकोशात आहे.

अर्धविराम: दात पडतील वाचणाऱ्याचे. 1874 च्या प्रदर्शनावर समीक्षक लुई लरॉयने टवाळी केली, मोनेच्या 'इंप्रेशन, सूर्योदय' या चित्राचं नाव उचलून. त्या प्रदर्शनात गियोमँही होता. टवाळीतून आलेल्या शब्दाला इतकं सोवळं कशाला?

कोशकिडा: 'प्रत्यय' म्हणजे प्रचीती. डोळ्यांना आलेली प्रचीती. इंप्रेशनपेक्षा नेमका आहे.

रानवाट: मला तर व्याकरणातलाच प्रत्यय आठवला.

टाकदौत: किल्ल्याचं वाक्य उद्या द्यायचंय...

कोशकिडा: व्याकरणातला प्रत्ययही त्याच धातूचा. प्रति अधिक इ, म्हणजे जाणे. आता 'प्रतीती' बघा...